खांडेकरांचे शिरोड्याचे बिऱ्हाड

सावंतवाडीत मोती तलावाभोवती संध्याकाळी एक फेरी मारली की गावाचे दोन चेहरे एकाच वेळी दिसतात. एका काठाला संस्थानकाळाची आठवण सांगणारा राजवाडा, आणि गावाच्या कडेकडेने उभ्या राहिलेल्या, अजूनही राहत असलेल्या नव्या इमारती. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. तेव्हापासून इथे घर घेण्याची, घर बांधण्याची बोलणी घरोघर चालू आहेत. मुंबईचा चाकरमानी निवृत्तीनंतरचे घर शोधतो आहे, गावातला तरुण सामाईक घरातला आपला हिस्सा सोडून स्वतःच्या दोन खोल्यांचे स्वप्न पाहतो आहे, आणि ज्यांचा कोकणाशी कधी संबंध नव्हता तेही समुद्राजवळ एखादा तुकडा मिळतो का, याची चौकशी करीत आहेत.

या बोलण्यांत प्रश्न साधारणपणे ठरलेले असतात. खोल्या किती? चौरस फूट किती? हप्ता किती बसेल? पुढेमागे विकले तर काय येईल? हे सारे प्रश्न आवश्यकच आहेत. पण त्यांच्या गर्दीत एक प्रश्न मागे राहून जातो. या घरात आपण दिवसभर करणार काय? आपल्या जगण्याला हे घर बेताचे होईल, की घराच्या मापाला आपले जगणे ओढून न्यावे लागेल?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी एखाद्या आयुष्यात शोधावे. असे एक आयुष्य याच मुलखात घडले. ते सर्वांच्या ओळखीचे आहे, पण त्याच्याकडे घराच्या अंगाने आपण फारसे पाहत नाही. ते आयुष्य आहे वि. स. खांडेकरांचे. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे 'ययाति'कार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण त्याआधी अठरा वर्षे ते शिरोडे या किनाऱ्यावरच्या खेड्यात शाळामास्तर होते, आणि एका लहानशा बिऱ्हाडात राहून त्यांनी आपले निम्मे लेखकपण घडवले.

सांगलीचे घर, पुण्याची खोली

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीला झाला. तेव्हा त्यांचे नाव गणेश आत्माराम खांडेकर होते. वडील सांगली संस्थानात न्यायखात्यात नोकरीला. घर सुशिक्षित मध्यमवर्गीय, आणि बाहेरून पाहता स्थिर. पण मिळवत्या माणसाच्या प्रकृतीवर उभे असलेले घर किती लवकर डळमळते, हे या मुलाने शाळकरी वयातच पाहिले. वडील आजारी पडले, अंथरुणाला खिळले आणि पुढे गेले. भिंती होत्या तिथेच राहिल्या, पण घराचा आधार गेला. मुलाची प्रकृती मुळातच नाजूक आणि डोळेही अधू. जमेच्या बाजूला फक्त बुद्धी होती.

१९१३ साली हा मुलगा मॅट्रिकला वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाला. त्या काळचे पुणे म्हणजे वाचणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्या मुलाला पंढरीच. राम गणेश गडकऱ्यांसारख्या लेखकाचा सहवास त्याला इथेच लाभला. पुण्यातले विद्यार्थ्याचे बिऱ्हाड ते केवढे! पण त्या अपुऱ्या जागेत त्याला हवे ते सारे होते: पुस्तके, बोलणारी माणसे, नाटके आणि उद्याची आशा. जागा लहान असली तरी चालते, सोबत मोठी असावी लागते, याचा हा पहिला धडा असावा.

नाणेलीचे दत्तक घर

हे सारे फार दिवस टिकले नाही. १९१६ साली सावंतवाडी संस्थानातल्या नाणेली गावी चुलत्यांच्या घरी ते दत्तक गेले. गणेश आत्मारामचे विष्णु सखाराम झाले. आपल्याकडे दत्तक जाणे म्हणजे नुसते नाव बदलणे नव्हते. त्याबरोबर घर मिळे, देवघर मिळे, वारसा मिळे आणि त्या साऱ्याची जबाबदारीही मिळे. पितृछत्र हरपलेल्या, अर्थिक ओढाताणीतल्या मुलाला असे घर मिळाले म्हणजे त्याचे नशीब उघडले, असेच चारचौघांना वाटणार.

पण घर मिळणे वेगळे आणि आपल्याला मानवेल असे घर मिळणे वेगळे. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सुटले. पुण्याची पुस्तके, मित्र, नाटके सारे मागे राहिले. त्या काळी पुण्याहून नाणेली म्हणजे आजच्या मानाने परदेशच. रेल्वे नव्हती. मुंबईकडून यायचे तर आगबोटीने वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरावे, देशावरून यायचे तर बेळगावहून आंबोलीचा घाट उतरावा. पावसाळा लागला की बंदर बंद, आणि घाटातली वाटही बेभरवशाची. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात चार महिने माणूस आपल्या घरात आणि आपल्या विचारांत कोंडला जाई.

जुन्या कोकणी घराची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे कळेल. जांभ्या चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर नळ्यांचे उतरते छप्पर, पुढे ओसरी (तिला इकडे लोटा म्हणतात), आत माजघर, एका कडेला काळोखी स्वयंपाकघर, मागे पडवी, आणि पुढ्यात शेणाने सारवलेले खळे. छप्पर मुद्दाम खाली ओढलेले असते, म्हणजे पावसाची झड भिंतीला लागू नये. खिडक्या लहान असतात, त्याही त्याच कारणाने. शेतीभातीच्या, नारळी-पोफळीच्या, गोतावळ्याच्या संसाराला हे घर अगदी बेतलेले असते. धान्याला जागा, गुरांना जागा, पाहुण्यांना जागा, देवाला जागा. कंदिलाच्या उजेडात अधू डोळ्यांनी वाचणाऱ्या विशीतल्या तरुणाला मात्र त्यात जागा सापडणे कठीण. तो दोष घराचा नव्हता, तसाच त्या तरुणाचाही नव्हता. एकमेकांचे माप जुळत नव्हते, एवढेच.

ही तीन-चार वर्षे खांडेकरांनी आजारपणात, नाणेली-सावंतवाडीच्या परिसरात काढली. सावंतवाडी त्या मानाने गजबजलेले. संस्थानची राजधानी, शाळा, वाचनालय, लिहिणारी-वाचणारी मंडळी. पुढे १९२४ साली याच गावातून 'वैनतेय' हे साप्ताहिक निघाले आणि खांडेकरांची लेखणी त्यातून सतत चालू राहिली. पण १९२० साली त्यांच्यापुढे प्रश्न होता तो साधा आणि जीवघेणा. वारशाने मिळालेल्या घरात राहून आपले आयुष्य त्याच्या मापाचे करायचे, की आपल्या आयुष्याच्या मापाचे घर शोधायचे?

१२ एप्रिल १९२०

त्या दिवशी खांडेकर शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. वय बावीस. पदवी नाही, प्रकृती नाही, आणि शाळाही अशी की तिचाच संसार लोकांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या त्यागावर चाललेला. खेड्यातल्या खाजगी इंग्रजी शाळेतला मास्तर त्या काळी पगारासाठी नोकरी करीत नसे. पगार इतका असायचा की त्याला पगार म्हणणेही धाडसाचे. ज्याला पैसा मिळवायचा तो मुंबईची आगबोट धरी.

शिरोडे हे गाव वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला. एका अंगाला वेतोबाचे आरवली, दुसऱ्या अंगाला रेडी, आणि रेडीपलीकडे तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. गावाला माडांच्या बागा, मिठागरे आणि लांबच लांब वाळूचा किनारा. सावंतवाडीहून हे अंतर सारे पंचवीसेक किलोमीटरांचे. आज वेळागरचा किनारा पाहायला पर्यटक येतात. १९२० साली तिकडे कोणी हौसेने जात नव्हते.

या गावात मास्तराचे बिऱ्हाड थाटायचे म्हणजे काय, हे जुन्या पिढीतल्या वाचकांना सांगायला नको. बिऱ्हाड हा शब्दच बोलका आहे. घर वडिलोपार्जित असते, बिऱ्हाड आपण मांडतो. त्यात मोजके सामान असते, आणि तेही उद्या हलवता येईल असे. दोन ट्रंका, गुंडाळी होणारे अंथरूण, चार भांडी, कंदील, आणि मास्तर वाचणारा असेल तर पुस्तके. सामान वाढवायचे नाही हा नियम करावा लागत नाही. जागाच तो करते.

पण अशा बिऱ्हाडाचा खरा विस्तार त्याच्या भिंतींबाहेर असतो. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. विद्यार्थ्यांची घरे वाटेवर. संध्याकाळी फिरायला समुद्र. गाठीभेटींना गावातल्या ओसऱ्या. ज्या गोष्टींसाठी शहरातल्या माणसाला दिवाणखाना लागतो, त्या इथे खळ्यात आणि वाटेवर होऊन जातात. ज्यांच्यासाठी त्याला वाहन लागते, त्या पायी होतात. लहान घरात राहायचे तर आसपासचे गाव आपल्याला घराइतके उपयोगी पडले पाहिजे, हे शिरोड्याने साधले होते.

आणि वेळ! शिक्षकाचा दिवस मोठा असतो हे खरे, पण घरापासून कामापर्यंतचा प्रवास त्यातला काही खात नव्हता. जमीनजुमल्याची उसाभर नव्हती. वीस माणसांच्या घरातले रोजचे मानापमान नव्हते. दिवसातून जे दोन-चार तास उरत, ते लेखणीला मिळत.

'घर कुणाचे?'

या बिऱ्हाडाचे पहिले पीक काय निघाले, ते पाहण्यासारखे आहे. १९२३ साली 'महाराष्ट्र साहित्य' मासिकात खांडेकरांची पहिली कथा प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'घर कुणाचे?' एका घरात जन्मलेल्या, दुसऱ्या घरात दत्तक गेलेल्या आणि तिसऱ्या ठिकाणी बिऱ्हाड मांडलेल्या तरुणाच्या पहिल्या कथेचे नाव हेच असावे, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण योगायोग आहे.

मग लेखन थांबले नाही. 'वैनतेय'मधून लेख, टीका, विनोद. १९२८ साली 'रंकाचे राज्य' हे नाटक. १९३० साली 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी, आणि पुढच्याच वर्षी 'कांचनमृग'. १९३४ साली 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' या दोन कादंबऱ्या. शाळेतले तास घेऊन, वह्या तपासून, शाळेच्या अडचणी निस्तरून हे सारे होत होते. मराठी वाचकाला चटका लावणारी गरिबी, शिक्षकाचा ध्येयवाद, खेड्यातल्या माणसांची अगतिकता ही त्यांनी दुरून पाहिलेली नव्हती. ती त्यांच्या बिऱ्हाडाच्या दारावरून रोज ये-जा करीत होती. मोठ्या वाड्याच्या माडीवरून ती इतक्या जवळून दिसली नसती.

मे १९३० मध्ये तर देशाचा इतिहासच या गावाच्या दाराशी आला. गांधीजींच्या दांडीयात्रेनंतर महाराष्ट्रातल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडण्यासाठी शिरोड्याची मिठागरे निवडली. ठिकठिकाणांहून तरुण इथे आले, त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास पत्करला. ज्या आडगावात जाऊन खांडेकरांनी आयुष्य वाया घालवले असे एखाद्याला वाटले असते, ते गाव महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाले.

'कांचनमृग' या नावापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. रामायणातली ती कथा आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पंचवटीतली पर्णकुटी लहान होती, पण तिच्यात काही उणे होते असे रामायण सांगत नाही. उणे वाटू लागले ते सोनेरी हरिण दाराशी दिसल्यावर. घर घेताना आपल्या दाराशीही असली हरिणे बरीच येऊन जातात. शेजाऱ्याची जास्तीची खोली, मेहुण्याची गच्ची, जाहिरातीतला संगमरवरी जिना. त्यांच्यामागे धावताना हातची पर्णकुटी मोकळी पडते.

संसार आणि चार खोल्यांचा हिशेब

एवढे वाचून लहान घर म्हणजे नुसते सुख असे कोणी समजू नये. खांडेकरांचे १९२९ साली लग्न झाले, मुले झाली. एकट्या मास्तराला पुरणारे बिऱ्हाड संसाराला पुरतेच असे नाही. कोकणात लहान घराची खरी परीक्षा आषाढात होते. जळाऊ लाकडे आत, पावसाळ्याची बेगमी आत, न वाळलेले कपडे आत, मुले आत आणि आजारी माणूसही आत. एप्रिलमध्ये ऐसपैस वाटणारे घर जुलैत निम्मे होते, कारण खळे आणि पडवी या त्याच्या बाहेरच्या खोल्या पाऊस काढून घेतो. चुडतांच्या झडी बांधून पडवीचा थोडा भाग वाचवायचा, एवढाच उपाय. डॉक्टर लांब, औषध लांब, मुलांच्या पुढच्या शिक्षणाची सोय लांब. तुटपुंज्या मिळकतीत हे सारे सांभाळताना घरातल्या बाईवर काय भार पडतो, याची नोंद लेखकांच्या चरित्रांत क्वचितच होते. लेखकाचे साधे राहणे बहुधा तिच्या कष्टांवर उभे असते.

साध्या घराच्या गोष्टी सांगताना जगात दोन उदाहरणे हमखास दिली जातात. एक अमेरिकेतल्या थोरोचे. त्याने १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट बाय पंधरा फुटांची झोपडी बांधली आणि तीत तो राहिला. दुसरे आपल्या वर्ध्याजवळचे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले तेव्हा कुटीचा खर्च पाचशे रुपयांच्या आत आणि सामान आसपासचेच, अशी त्यांची अट होती. दोन्ही उदाहरणे थोर आहेत. पण थोरो अविवाहित होता आणि दोन वर्षांनी झोपडी सोडून परत गेला. गांधीजींभोवती सारा आश्रम होता. तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसाला त्यांचे घर पाहून मान तुकवता येते, पण तसे राहता येईलच असे नाही. म्हणून खांडेकरांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. नोकरी, लग्न, मुले, दुखणी, शाळेच्या परीक्षा आणि महिन्याची ओढाताण या सगळ्यांसह त्यांनी लहान घर चालवले. तेही दोन वर्षे नव्हे, अठरा.

कोल्हापूरचा रस्ता

१९३८ साली खांडेकरांनी शिरोडे सोडले. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स ही संस्था काढली होती. तिच्यासाठी खांडेकरांनी लिहिलेला 'छाया' हा बोलपट १९३६ साली गाजला. पाठोपाठ 'ज्वाला' आला, पुढे 'देवता' आला, 'अमृत' आला. चित्रपटाचे लेखन आगबोटीच्या टपालाने होण्यासारखे नव्हते. प्रकृती खेड्यातल्या दगदगीला साथ देत नव्हती, आणि मुले वाढत होती. मास्तरांनी बिऱ्हाड आवरले आणि कोल्हापूर गाठले.

कांचनमृगाची कथा लिहिणारा लेखकच त्या हरिणामागे गेला, असे म्हणणारे कोणी भेटले तर नवल नाही. ज्या शाळेला अठरा वर्षे दिली तिथून पाय काढताना त्यांच्या मनात काहीच कालवाकालव झाली नसेल, असे मानणे कठीण. पण घराच्या बाजूने पाहिले तर या निर्णयात विसंगती दिसत नाही. बाविसाव्या वर्षी जे घर आपल्या जगण्याला बेताचे होते, ते चाळिसाव्या वर्षी तसे राहिले नव्हते. लहान घर हे व्रत नाही की मोडले तर पाप लागावे. ते माप आहे. अंग वाढले की कपडा बदलतो. बदलू नये ती एकच गोष्ट, माप घेण्याची सवय.

ती त्यांनी बदलली नाही. चित्रपटाच्या दुनियेत वावरूनही त्या दुनियेचा थाट त्यांच्या राहणीत शिरला नाही. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९४७ साली मास्टर विनायक गेले. खांडेकर लिहीत राहिले. १९५९ साली 'ययाति' प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ साली पद्मभूषण आणि १९७४ सालासाठी ज्ञानपीठ. ययाती हा काही खेड्यातल्या मास्तराच्या ओळखीचा माणूस नव्हे. तो राजा, राजवाड्यात राहणारा. सारे काही मिळूनही ज्याची हाव संपत नाही, ज्याला मुलाचे तारुण्य मागून घेऊनही तृप्ती होत नाही, असा. सर्व सुखसोयींच्या मध्ये उभा असलेला अतृप्त माणूस इतक्या नेमकेपणाने रंगवायला, थोडक्यात कसे भागते हे आधी ठाऊक असावे लागते. ते शिरोड्याने शिकवले होते.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी पुरती गेली. जन्मभर अधू डोळ्यांनी वाचन करणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. तरीही दुसऱ्यांकडून वाचून घेऊन आणि लेखनिकांना सांगून त्यांचे काम चालू होते. ज्याला दिसत नाही त्याला घर किती मोठे आहे याचे कौतुक नसते. पाऊल टाकले की ओळखीची भिंत लागावी, हात लांब केला की खुर्ची सापडावी आणि हाक मारली की कोणी ओ द्यावी, एवढे घर त्याला पुरते. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले.

आपल्या घराचे माप

खांडेकरांच्या या बिऱ्हाडांतून आजच्या कुटुंबाने काय घ्यावे? त्यांच्यासारखे कंदिलाच्या उजेडात राहावे असे कोणी म्हणणार नाही. पण घर पाहायला जाताना चार गोष्टी मनाशी धरून जाता येईल.

पहिली, अंतर. घर आणि काम, घर आणि शाळा, घर आणि दवाखाना यांतले अंतर रोज मोजावे लागते. दोन खोल्या जास्त मिळतात म्हणून गावाबाहेर फार लांब गेलो, तर त्या खोल्यांत बसायला वेळच उरत नाही. दुसरी, घराबाहेरची जागा. दाराशी खळे, मागे चार झाडे, चालायला रस्ता, जवळ वाचनालय आणि ओ देणारा शेजार असेल तर आतली जागा थोडी कमी असली तरी चालते. यातले काहीच नसेल तर मोठा फ्लॅटही कोंडवाडा होतो. तिसरी, रोजचे काम. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेली खोली तीनशे साठ दिवस धूळ खाते, आणि रोज अभ्यास करणाऱ्या मुलाला मात्र उजेडाचा एक कोपरा मिळत नाही. चौथी, सांभाळण्याची ताकद. हा मुद्दा कोकणात सर्वांत महत्त्वाचा.

आपल्या जिल्ह्यात फिरताना कुलूपबंद घरे किती दिसतात! काही वडिलोपार्जित, अनेक हिश्शांत वाटली गेलेली. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, पाच-दहा दिवस नांदती होतात आणि पुन्हा बंद. काही मात्र नवी, हौसेने बांधलेली, दुमजली. बंद घराला कोकणची हवा क्षमा करीत नाही. एका पावसाळ्यात कौल सरकते, दुसऱ्यात वासा कुजतो, तिसऱ्यात वाळवी चौकटीपर्यंत येते. ज्या घरात रोज चूल पेटते आणि केरवारा होतो, ते जुने असले तरी टिकते. म्हणून वर्षातले दोन महिने राहायचे असेल तर दोन महिन्यांत झाडून, पुसून, दुरुस्त होईल एवढेच घर बांधावे. गावातल्या जुन्या सुतार-गवंड्याला विचारले तर तोही हेच सांगेल, जरी त्यात त्याचे काम कमी होत असले तरी.

आणि निवृत्त होऊन परत येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खांडेकर बाविसाव्या वर्षी शिरोड्याला गेले ते तिथे करण्यासारखे काम होते म्हणून. नुसता समुद्र पाहायला ते गेले नव्हते. समुद्र आठ दिवसांत ओळखीचा होतो. त्यानंतर माणसाला काम लागते, माणसे लागतात. गावात आपण काय करणार हे ठरले नसेल, तर कितीही सुरेख घर चार महिन्यांत मोठे आणि रिकामे वाटू लागते. काम ठरलेले असेल तर दोन खोल्याही भरून जातात.

शिरोड्यातली ती शाळा आजही चालू आहे. अ. वि. बावडेकर विद्यालय हे तिचे आजचे नाव. शिरोड्यात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात खांडेकरांच्या स्मरणार्थ संग्रहालये उभी आहेत. रविवारची सुट्टी काढून सावंतवाडीहून शिरोड्याला जाणाऱ्यांनी समुद्रावर जाण्याआधी थोडा वेळ तिथे जरूर थांबावे. मुलांना सोबत न्यावे. नव्या घराची बोलणी चालू असतील तर घरातल्या सर्वांनीच जावे, आणि परतीच्या वाटेवर खोल्यांचा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहावा.